सुईवाला

आमचे हे आणि आमचे व्याही, या दोघांमधून या उन्हाळ्यात विस्तव जात नव्हता. मध्ये फक्त एक काटेरी कुंपण. अलीकडे आमची बाग, पलीकडे व्याह्यांचं फुलांचं शेत, आणि कुंपणात एक खिंडार. त्या खिंडारातून आमची सून सकाळी वडिलांच्या मदतीला जायची आणि दुपारी परत यायची. लग्न ठरलं तेव्हा जो तो म्हणत होता, पोरीचं नशीब बघा, माहेर हाकेच्या अंतरावर. हाकेच्या अंतरावर शिव्याही पोचतात, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ह्यांचा धंदा शिलाई मशीन दुरुस्त करण्याचा. पुढची खोली म्हणजे दुकान. भिंतीला लागून उघडी पडलेली मशीनं, खिळ्यांना टांगलेले पट्टे, तेलाने काळं झालेलं टेबल आणि टेबलामागे हे, डोळे मिटून. लोक मशीन पुढ्यात ठेवायचे. हे हाताने चाक फिरवायचे, मान जराशी कलती करायचे आणि काय झिजलंय ते उघडायच्या आधीच सांगायचे. उघडल्यावर तेच निघायचं. आसपासच्या झाडून सगळ्या शिंप्यांना हे माहीत आहे. 'कान म्हणावा तर ह्यांचा,' असं माझ्यासमोर कितीजण बोलून गेलेत. ऐकून ऐकून ते ह्यांच्या डोक्यात गेलं होतं, तेही सांगून टाकते. मी मागच्या खोलीत त्याच शिंप्यांच्या सदऱ्यांना काजं करते. काजं करणाऱ्या बाईला कान लागत नाहीत, डोळे लागतात.

बागेतही आमची तशीच वाटणी. उन्हाळा उतरणीला लागला, उन्हाचा चटका कमी झाला, की संध्याकाळी मागच्या पायरीवर बसायचं ही आमची लग्नापासूनची सवय. हे ऐकायचे, मी बघायची. हे म्हणायचे, 'डावीकडे, खाली, वेलाच्या बुंध्याशी,' आणि तिथे नेमकं काय आहे ते मी शोधून सांगायची. तारेवर वेडे राघू बसलेले असायचे. एखादा झपकन खाली यायचा, मधमाशी पकडायचा, परत तारेवर जाऊन तिला आपटायचा आणि मग गिळायचा. खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी मातीची गोळी आणून घर लिंपत बसायची. तिचं एक घर पाडलं तर दुसऱ्या दिवशी तिथेच दुसरं. उन्हाळा संपत आला की पाकोळ्या जमायला लागायच्या. आज चार दिसल्या, उद्या तारच भरून जायची. हे सगळं माझं खातं. त्यातलं ह्यांनी काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. हे डोळे मिटून बसायचे.

आणि ह्यांचं खातं म्हणजे सुईवाला. नाव ह्यांनीच ठेवलेलं. बारीक हिरवा नाकतोडा, अंगापेक्षा मिश्या लांब. पानाच्या कडेला बसतो, पंख किंचित उचलतो आणि एकावर एक असे घासतो की पंख दिसेनासे होतात, नुसती थरथर दिसते. आवाज इतका बारीक की रातकिड्यांच्या गोंगाटात तो वेगळा काढायला शिकावं लागतं. मला ह्यांनीच शिकवलं होतं, नवीन लग्न झालं तेव्हा. 'ताणलेल्या रेशमावर सुई ओढल्यासारखं ऐक,' म्हणाले होते. ऐकू आला तेव्हा कोण आनंद झाला होता मला. पण एकदा शिकल्यावर मी तो नाद सोडला. हे आहेत की ऐकायला. आपण कशाला कान शिणवायचे.

ह्यांचं म्हणणं असं, की कुठेही औषध फवारलं की सगळ्यात आधी सुईवाला मरतो. बाकीचे किडे तग धरतात, हा नाही. व्याह्यांच्या आधी त्या जमिनीवर दुसरा माणूस होता. त्याने फवारणी केली त्या वर्षी सुईवाला खरंच गेला होता, आणि ह्यांनी ते कोणी कबूल करायच्या आधी सांगितलं होतं. तेव्हापासून या बाबतीत ह्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला.

हा शब्द नुसता घरातला नव्हता. व्याह्यांचं बी एक संस्था घेते, आधीच्या माणसाचंही घ्यायची. फुलांचं बी, बागांमध्ये लावायला. संस्थेची अट एकच, शेतावर विष पडता कामा नये. आणि ते तपासायची त्यांची जुनी रीत अशी, की बी काढायच्या आधी तपासनीस येतो, शेत फिरतो आणि शेवटी लागून असलेल्या शेजाऱ्याला बांधावर उभं करून विचारतो, 'शेत स्वच्छ आहे का?' शेजाऱ्याने होय म्हटलं तर बी घेतात. नाही म्हटलं तर त्या वर्षीचं बी पडून राहतं आणि पुढे तीन वर्षं त्या शेताकडे संस्था फिरकत नाही. व्याह्यांना लागून शेजारी म्हणजे एकटे आम्ही. बाकी तीन बाजूंना ओढा आणि माळ. इतकी वर्षं हे बांधावर जाऊन 'स्वच्छ' एवढा एक शब्द बोलायचे आणि मग सगळे आमच्याकडे चहाला यायचे.

या वर्षी पहिल्याच संध्याकाळी पायरीवर बसल्याबसल्या ह्यांचा चेहरा उतरला.

"सुईवाला नाही," हे म्हणाले.

"अजून आला नसेल."

"यायला काय तो पाहुणा आहे? इथेच असतो. गेला तो."

दुसऱ्या संध्याकाळी नाही. त्यानंतरही नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात ह्यांनी व्याह्यांना पाठीवर पंप घेऊन वाफ्यांमधून फिरताना पाहिलं. झालं. ह्यांच्या अंगाचा तिळपापड. तसेच चपला न घालता कुंपणाशी गेले. मी मागोमाग.

"काय मारताय, व्याही?"

व्याही म्हणजे साधा माणूस, पण जीभ जरा सैल. पंप खाली ठेवून म्हणाले, "लसणाचं पाणी. मावा पडलाय कळ्यांवर. वास नाही आला?"

"वास लसणाचा येतो. आत काय आहे ते तुम्हाला माहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे सुईवाला मेला."

व्याही हसले. तिथेच चुकलं. म्हणाले, "अहो, परवा तुमचा फोन खिशात बोंबलत होता तोही तुम्हाला ऐकू आला नाही. मशीनचं तेल घाला जरा कानांत."

ह्यांना कोणी आईवरून बोललं असतं तरी चाललं असतं, कानावरून बोललेलं चालत नाही. हे तिथल्या तिथे उभे राहून म्हणाले, "तपासनीस येऊ दे. मग बघतो कोणाच्या कानांत काय घालायचं ते."

व्याह्यांचं हसू गेलं. सून मागे वाफ्यात उभी होती, हातात वाळलेल्या फुलांचा झुबका. तिने वडिलांकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "अगं, जेवायला चल." बाकी मूग गिळून गप्प बसले, कारण मला मनातून हेच खरे वाटत होते. माणूस मोहाला बळी पडतो. मावा पडला, पीक जायला लागलं, मारलं असेल गुपचूप. आणि वर ह्यांच्या कानाची चेष्टा करतो म्हणजे पक्कंच.

त्या रात्री जेवताना हे सुनेला म्हणाले, "उद्यापासून तिकडे पाऊल टाकायचं नाही. विषात काम करायचं नाही आमच्या घरातल्या माणसाने."

ती म्हणाली, "बाबा, विष नाहीये. लसूण मीच ठेचते. हे बघा माझे हात."

तिने हात पुढे केले. लसणाचा वास माझ्यापर्यंत आला. ह्यांनी ताट बाजूला सारलं. "बापाच्या बाजूने बोलायचं असेल तर बापाकडे राहून बोल."

ती उठली, पिशवी भरली आणि खिंडारातून निघून गेली. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आठवडेच्या आठवडे बाहेर. त्याला फोनवर मी सांगितलं, बायको माहेरी गेली आहे. तो म्हणाला, माहेरी म्हणजे बागेत ना. विनोदच सुचतात त्याला.

नंतरचे दिवस वाईट गेले. हे रोज संध्याकाळी पायरीवर बसायचे ते पहारा दिल्यासारखे. व्याही समोरून गेले तर खाकरायचे. व्याही तिकडून रेडिओ मोठा करायचे. मला पाखरं बघण्यातही गोडी राहिली नाही. राघू माशीला तारेवर आपटत होता ते बघून, का कोण जाणे, मला त्याचा रागच आला. मेल्याला गिळायच्या आधी एवढं आपटायची काय गरज?

त्यात दुकानात एक प्रसंग झाला. बाजारातली शिंपीणबाई तिचं मशीन परत घेऊन आली. आदल्या दिवशीच नेलं होतं.

"चिरचिरतंय अजून," ती म्हणाली.

ह्यांनी चाक फिरवलं. मान कलती केली. "कुठे?"

"अहो, हे काय. दात आंबतात माझे."

"तुमचे दात दाखवा कोणाला तरी. मशीन ठणठणीत आहे."

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी सुईत दोरा ओवत होते. ह्यांचं बोलणं ऐकून मला तिचाच राग आला, की उगाच कटकट करते. मशीन वाजत होतं का? वाजत असेल. मी कान दिलाच नव्हता. मशीन ऐकणं हे माझं काम नाही. ती मशीन तसंच टाकून गेली.

आणि मग तपासनीस यायच्या आदल्या दिवशी हे मला म्हणाले, "चल, कुंपण बघून येऊ. उद्या पुरावा पाहिजे." आम्ही कुंपणाच्या कडेकडेने निघालो, आमची बाग संपते तिथून पुढे माळापर्यंत. ऊन कलतं झालं होतं. गवत पिवळं पडलेलं, पाऊल टाकलं की चार-दोन टोळ उडायचे. चतुर काठ्यांच्या टोकांवर बसलेले. व्याह्यांच्या फुलांवर मधमाश्या इतक्या होत्या, की मी मनात म्हटलंसुद्धा, विष मारलेल्या शेतात एवढ्या माश्या कशा? पण म्हटलं मनातच.

माळाच्या कोपऱ्यावर कुंपणाचे काटे लांब आहेत. तिथे खाटीक बसतो. खाटीक म्हणजे पाखरूच, बुलबुलाएवढं, डोळ्यांवर काळी पट्टी. किडे पकडतो आणि लगेच खात नाही. काट्याला टोचून ठेवतो, मग सवडीने येऊन खातो. मला तो कोपरा आवडत नाही, पण डोळे जायचे तिथे गेलेच. एका काट्यावर भुंगा. एकावर पालीचं पिल्लू, वाळून गेलेलं. आणि त्याच्या खाली, हिरवा, ताजा, मिशी अजून हलत असलेला सुईवाला.

"अहो," मी म्हटलं. "हा बघा."

हे वाकले. पहिल्यांदाच डोळे नीट उघडून वाकले असतील. "हाच. बघितलंस? मेला."

"विषाने नाही मेला. खाटकाने टोचलाय. म्हणजे जिवंत होता की आतापर्यंत."

"एखाददुसरा उरला असेल."

तेवढ्यात माझं लक्ष बाजूच्या पानाकडे गेलं. हातभर अंतरावर दुसरा बसला होता. चांगला जिवंत. त्याने पंख उचलले आणि थरथर सुरू झाली. हेही बघत होते. आम्ही दोघं अगदी जवळ वाकलो होतो, ह्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

हे हळूच म्हणाले, "बघ. पंख घासतोय, पण आवाज नाही. मुका झालाय. विषाने मुके होतात आधी. हाच पुरावा."

आणि मला तो ऐकू येत होता. लख्ख. ताणलेल्या रेशमावर सुई. एकटा तोच नाही. एकदा तो कानात शिरल्यावर मागचे सगळे ऐकू यायला लागले, कुंपणभर, शेतभर, माळावर, आमच्या बागेतसुद्धा. सगळीकडे नुसते सुईवाले. इतके दिवस ओरडत होते आणि हे नाही म्हणाले म्हणून मी ऐकलेच नव्हते. चिरचिरणारं मशीन आठवलं. ताप आला तेव्हा थर्मामीटर काखेत धरून हे किती वेळ बसले होते, 'हल्लीचा मालच भिकार, वाजतच नाही' म्हणत, तेही आठवलं. ते वाजलं होतं. मीच म्हटलं होतं, वाजलं, काढा आता.

"अहो," मी म्हटलं, "तो मुका नाहीये. मला ऐकू येतोय."

हे सरळ झाले. "काय ऐकू येतंय?"

"सुईवाला. हा. आणि मागे पण आहेत. पुष्कळ."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की इतक्या वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं. "तुला," हे म्हणाले. "तुला ऐकू येतंय. आयुष्यभर काजं केलीस, कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी कळत नाही तुला, आणि तुला सुईवाला ऐकू येतो."

"तुमचे कान..."

"सुनेने पढवलं तुला. की व्याह्याने?"

"कोणी पढवलं नाही. घरी चला, त्या शिंपीणबाईचं मशीन फिरवा. मी दाखवते कुठे वाजतंय ते."

"उद्या बांधावर तोंड उघडलंस," हे अगदी शांतपणे म्हणाले, "तर माझं दुकान बंद झालं म्हणून समज. बहिऱ्याकडे कोण मशीन आणतो? एवढं कळत असेल तर बोल. त्या माणसाचं बी वाचव आणि माझी भाकरी घालव."

म्हणजे ह्यांना कळलं होतं. मला पटकन उमगलं नाही, परत येताना उमगलं. ह्यांना त्या क्षणी कळलं होतं, आणि तरी हे उद्या बांधावर जाऊन तेच बोलणार होते. मला ह्यांची कीव यायला हवी होती. मला संताप आला. स्वतःचे कान झाकायला हा माणूस दुसऱ्याचं शेत बुडवणार, सून घराबाहेर काढणार, आणि मी शेजारी उभी राहून मान हलवायची. नवऱ्याचा पोटापाण्याचा प्रश्न म्हणून. आणि वाईट गोष्ट अशी, की रात्रभर मी खरोखर तोच विचार करत होते, की हलवावी मान. पोरीचे हात नाकासमोर आले नसते, लसणाचे, तर हलवलीही असती.

सकाळी तपासनीस आला. तरुण होता, संस्थेत नवीन. शेत फिरला, माती चिमटीत घेऊन हुंगली, पानं उलटी करून पाहिली. बी खुडायला आलेल्या बायका डोक्यावरून पदर ओढून बाजूला उभ्या होत्या, त्यांतल्या निम्म्या शिंप्यांच्या घरच्या. व्याही बांधावर हात बांधून. सून त्यांच्या शेजारी. तिने मला बघितलं आणि मान फिरवली.

"काका," तपासनीस ह्यांना म्हणाला, "तुमच्या कानाबद्दल ऐकलंय मी. सांगा, शेत स्वच्छ आहे का?"

"नाही," हे म्हणाले.

व्याह्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"विष मारलंय. सुईवाला गेलाय. बारीक नाकतोडा असतो, विष पडलं की तोच आधी जातो. मागे एकदा मी सांगितलं होतं, विचारा संस्थेत. उरलेत ते मुके झालेत."

तपासनिसाने मान डोलावली. मागची गोष्ट त्याला माहीत होती. तो परत फिरायला लागला आणि मी म्हटलं, "थांबा."

मी कुंपणाशी गेले. शोधायला वेळ लागला नाही, तेवढं मला येतं. एका पानाच्या कडेला बसला होता. मी फांदी न हलवता बोट दाखवलं.

"हा सुईवाला. जवळ या. आणखी जवळ. ऐका."

तपासनीस वाकला. सुईवाल्याने पंख उचलले.

"हा? हा बारीक?"

"हाच."

"नुसता हलतोय तो," हे मागून म्हणाले. "मुका आहे."

तपासनीस गोंधळून वळला. "नाही हो, काका. चांगला ओरडतोय. कान किटतायत माझे."

मी ह्यांच्याकडे न बघता बोलले. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. "शेत स्वच्छ आहे. सुईवाले जागच्या जागी आहेत. ह्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. या वर्षीपासून."

बायकांमध्ये कुजबूज झाली. हे तसेच उभे होते, मान कलती करून, दुकानात असतात तसे. ऐकायचा प्रयत्न करत होते. ते मी बघितलं, नको असताना बघितलं. मग हे वळले आणि खिंडारातून न जाता रस्त्याने लांबचा वळसा घालून घरी गेले.

तपासनिसाने बी घ्यायला हरकत नाही असं सांगितलं. चहाला कोणी आलं नाही. मी व्याह्यांपुढे जाऊन उभी राहिले. माफी मागावी तरी कशी, ते सुचत नव्हतं.

तेच म्हणाले, "व्याह्यांचे कान गेले, ते मी समजू शकतो. पण डोळे होते ना त्यांना? एवढ्या माश्या, एवढी फुलपाखरं, ती दिसली नाहीत?" मग म्हणाले, "आणि विहीणबाई, तुम्हाला तर दोन्ही होतं."

मी तशीच घरी आले.

सून दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत आली. दारातच म्हणाली, "आई, तुम्ही बोललात म्हणून मी आले असं समजू नका. माझं घर आहे म्हणून आले." मी म्हटलं, बरोबर आहे. आणि ते बरोबरच होतं.

दुकान बंद पडलं नाही, निदान अजून तरी. पण बंद पडलं असतं तर बरं, असं वाटायला लावणारी एक खोड ह्यांनी सुरू केली. गिऱ्हाईक आलं, की हे चाक फिरवतात आणि मला मागच्या खोलीतून हाक मारतात. मी सदरा बाजूला ठेवून येते. हे विचारतात, "वाजतंय?" मी सांगते वाजतंय. "कुठे?" मी बोट ठेवते. हे खोलून दुरुस्त करतात, आणि हात अजून ह्यांचेच आहेत, काम चोख होतं. मग गिऱ्हाईक विचारतं, आता ठीक आहे ना? की हे माझ्याकडे न बघता म्हणतात, "हिला विचारा. घरातले कान हिच्याकडे असतात हल्ली." शिंपीणबाई आली तेव्हाही असंच म्हणाले. तिला माझी दया आली, ते मला अजिबात आवडलं नाही. याशिवाय आमच्यात दिवसभर दुसरं बोलणं नाही.

पायरीवर हे बसत नव्हते. मी एकटीच बसायची. पाकोळ्यांनी तार भरत आली होती. मला बघायचं असायचं, पण बघू द्यायचा नाही तो मेला. संध्याकाळ झाली की वेलातून, कुंपणातून, पायरीच्या भेगेतून तीच ती सुई. मला तो कधीच ऐकायचा नव्हता, आणि आता तो माझ्या कानातून जायला तयार नव्हता.

परवा संध्याकाळी हे बाहेर आले. खुर्ची घेऊन आले, पायरीवर माझ्या शेजारी बसले नाहीत. डोळे मिटले. मग हळू आवाजात, दुकानातल्यासारखं टोचून नाही, अगदी पूर्वीसारखं, ह्यांनी विचारलं, "आहे का गं?"

दोन हातांवर ओरडत होता. पण ह्यांचा तो स्वर ऐकून माझा जीव गलबलला. वाटलं, एक संध्याकाळ तरी दोघांना सारखंच ऐकू येऊ दे. मी म्हटलं, "आज नाही हो. आज गप्प आहे सगळं."

ह्यांनी डोळे उघडले. इतक्या दिवसांनी ह्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. खुर्चीवरून अर्धे उठले, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघ. मारलंच त्याने शेवटी. मी तेव्हाच सांगत होतो. तू त्या दिवशी लोकांसमोर नाक कापलंस माझं, पण माझं खरं होतं. थांब, तपासनिसाला फोन लाव. आत्ताच्या आत्ता लाव."

हे चपला शोधायला लागले. कुंपणापलीकडे सून वडिलांना टोपल्या उचलायला मदत करत होती. तिचा हसण्याचा आवाज आला. तो ह्यांनाही ऐकू आला असणार, कारण ह्यांनी तिकडे डोळे वटारून बघितलं.

बांधावर बोलले होते तेव्हा मला राग होता. रागात बोलणं सोपं असतं. आता राग कुठे शोधून सापडेना. मी ह्यांचा हात धरला आणि खुर्चीवर बसवलं.

"ओरडतोय," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. आहे तो. सगळे आहेत."

ह्यांनी हात सोडवून घेतला. पुन्हा डोळे मिटले नाहीत. खुर्ची उचलली आणि आत गेले.